अठरा पूर्ण झाली, आता घर सोडता येतं का?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी बांधाची भांडणं, पोटगी, सोसायटीची थकबाकी. मे-जूनमध्ये मात्र मुलं लिहितात, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे आईवडीलही लिहितात. घर कधी सोडता येतं, कोण अडवू शकतं आणि सोडल्यावर हक्काचं काय उरतं, हे बहुतेकांना विचारायचं असतं. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर काढला आहे. मी सोलापूरच्या न्यायालयात वकिली करते, त्यामुळे कचेऱ्यांची नावं महाराष्ट्रातली येतील.

प्रश्न : ताई, मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. मार्चमध्ये मला अठरा पूर्ण झाली. बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेत, मला पुण्यात नर्सिंगला जायचंय. वडील म्हणतात, दिवाळीनंतर लग्न. स्थळही बघून ठेवलंय. चुलते सांगतात की मुलगी लग्न होईस्तोवर बापाच्याच ताब्यात असते आणि एकवीसशिवाय तिची सही कुठंच चालत नाही. माझे दहावी-बारावीचे कागद, जातीचा दाखला, आधार सगळं वडिलांनी लोखंडी कपाटात ठेवलंय, किल्ली त्यांच्या करदोट्याला असते. आई गप्प असते. पुण्याची मावशी ये म्हणते. मी निघून गेले तर पोलीस मला परत आणतील का?

बाळा, आधी चुलत्यांचं म्हणणं निकालात काढू. सज्ञान कधी व्हायचं हे १८७५ च्या कायद्यानं ठरतं, आणि तो सांगतो की अठरावा वाढदिवस उजाडला की त्या दिवसाच्या सुरुवातीपासून माणूस सज्ञान. त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, लग्न झालं की नाही याची अट नाही. तू मार्चपासून सज्ञान आहेस. तुझी सही चालते, बँकेत चालते, वसतिगृहाच्या फॉर्मवर चालते, भाडेकरारावर चालते.

हे एकवीस लोकांच्या डोक्यात कुठून बसलं तेही सांगते, म्हणजे चुलत्यांना उत्तर देता येईल. ज्या मुलाला कोर्टानं पालक नेमून दिलेला असे, तो पूर्वी एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. ती तरतूद १९९९ मध्ये काढून टाकली. मतदानाचं वयही एकवीस होतं, ते ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ पासून अठरा झालं. मुलाच्या लग्नाचं वय आजही एकवीस आहे. मुलींचंही एकवीस करायचं विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच त्या लोकसभेबरोबर संपलं. एवढ्या सगळ्याची सरमिसळ होऊन गावोगाव ‘एकवीस’ ऐकायला मिळतं. त्यातलं काहीही तुला लागू नाही.

आता पोलिसांचं. तू गेलीस की वडील बहुधा ठाण्यात जाऊन मिसिंग दाखल करतील. तो त्यांचा अधिकार आहे, पोलिसांना ती नोंदवावी लागते. पोलीस तुला शोधतील, तुझा जबाब घेतील. तू स्वतःच्या मर्जीनं गेलीस आणि सुखरूप आहेस असं सांगितलंस की त्यांचं काम संपतं. तुला गाडीत घालून बार्शीला आणून वडिलांच्या हवाली करायचा अधिकार त्यांना नाही. केरळमधल्या हादियाचं प्रकरण तू ऐकलं असशील. सज्ञान मुलीला हायकोर्टानं आईवडिलांच्या ताब्यात दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं आधी तिला तिच्या कॉलेजात परत पाठवलं आणि मार्च २०१८ मध्ये हायकोर्टाचा निकालच रद्द केला. म्हणजे जे हायकोर्टाला करता आलं नाही, ते ठाण्यातल्या हवालदाराला करता येत नाही.

तरी एक काळजी घे. पुण्याला पोचलीस की त्याच दिवशी मावशीच्या घराजवळच्या पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज दे. नाव, जन्मतारीख, मी सज्ञान आहे, शिक्षणासाठी स्वतःच्या इच्छेनं आले आहे, मावशीकडे राहते, मला कुणी पळवलेलं नाही, माझ्या इच्छेविरुद्ध लग्न ठरवलं जात आहे. दुसऱ्या प्रतीवर पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. तीच प्रत सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठव. गावच्या ठाण्यात आदल्या दिवशी अर्ज देऊ नकोस. तिथे कुणीतरी ओळखीचं निघतं आणि संध्याकाळच्या आत घरी फोन जातो, हे मी पाहिलेलं आहे. पोचेची प्रत मावशीजवळही ठेव, कारण पुढे ‘मावशीनं फूस लावली’ असा आरोप होतो तेव्हा तोच कागद तिला वाचवतो.

पण माझ्या मते तुझा खरा प्रश्न पोलिसांचा नाहीच. तुझा प्रश्न त्या लोखंडी कपाटाचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना कायदा कधी अडवत नाही, त्यांना कागद अडवतात. प्रवेशाच्या वेळी मूळ प्रती मागतात आणि मुलगी रिकाम्या हातानं परत येते. म्हणून कपाट न उघडता काय काय उभं करता येतं ते नीट वाच.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात, तिथून सुरुवात कर. मूळ प्रमाणपत्राची दुसरी प्रत राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयातून मिळते, सोलापूर जिल्ह्यासाठी ते पुण्यात आहे. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून मुख्याध्यापकांना भेट. अर्जात कागद हरवले असं लिहू नकोस, खोटं प्रतिज्ञापत्र तुझ्याच अंगाशी येईल. कागद वडिलांच्या ताब्यात आहेत आणि ते देत नाहीत, असं खरंच लिही. शाळा सोडल्याचा दाखला तू अजून कॉलेजातून उचलला नसशील तर उद्याच्या उद्या जा. सज्ञान विद्यार्थिनीला तो स्वतःच्या सहीनं मिळतो. जातीच्या दाखल्याची नोंद प्रांत कार्यालयात असते, सेतूतून पुन्हा अर्ज करता येतो. आधार तर कोणत्याही केंद्रावर बोटांच्या ठशावर निघतं. त्यावर वडिलांचा मोबाइल नंबर असेल तर तो तिथेच बदलून घे. त्याला वडिलांची सही लागत नाही, आणि हा नंबर बदलला नाहीस तर तुझा प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल. बँकेत तुझं खातं वडिलांच्या नावाबरोबर असेल तर स्वतःचं वेगळं खातं उघड, शिष्यवृत्ती तिथे येईल. राहता राहिला उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलमधून वडिलांच्या उत्पन्नाचा निघतो आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरच्या अर्जाला लागतो. हा एक कागद त्यांच्या मदतीशिवाय मिळवणं अवघड आहे, म्हणून आईशी बोलायचंच असेल तर याबद्दल बोल.

आणि कपाट उघडायलाच लावायचं असेल तर त्याचीही वाट आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं लोक समजतात. तो मुलीलाही वडिलांविरुद्ध वापरता येतो. संरक्षण अधिकारी जो अहवाल भरून घेतात, त्याच्या छापील नमुन्यातच शाळा-कॉलेजला जाऊ न देणं, घराबाहेर पडू न देणं, नको असताना लग्नाची सक्ती करणं या गोष्टी लिहिलेल्या आहेत, त्यापुढे खूण करायची असते. तुझ्या मालकीच्या वस्तू आणि कागद परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. वकिलाची फी तुला भरावी लागणार नाही. महिलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन कर.

अजून एक गोष्ट, जी चुलते तुला कधीच सांगणार नाहीत. हिंदू कायद्याखालच्या (त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात) अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागवता येत नसेल, तर तिचं पालनपोषण करणं आईवडिलांवर बंधनकारक आहे, ती सज्ञान झाली तरी. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात हे आहे आणि अभिलाषा विरुद्ध प्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. या पालनपोषणात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाण्याबरोबर शिक्षणही धरलेलं आहे. दावा दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयात करावा लागतो, वेळ जातो, नाती ताणतात. लगेच कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण लग्नाला खर्च करायला तयार असलेल्या बापाला शिक्षणाचा खर्च नाकारायचा कायदेशीर आधार नाही, एवढं तुला माहीत असायला हवं.

आई गप्प असते असं लिहिलंयस. तिला एकदा एकटीला गाठून विचार, तुझं लग्न कितव्या वर्षी झालं आणि तुला काय व्हायचं होतं. मी अशा बऱ्याच आया पाहिल्यात ज्यांनी आयत्या वेळी किल्ली काढून दिली.

प्रश्न : मी सांगोल्याकडचा डाळिंब बागायतदार. मुलगा एकोणीस वर्षांचा. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष अर्धवट सोडून पुण्यात गेला, तिथं मित्राबरोबर खोली घेऊन घरपोच डबे पोचवण्याचं काम करतो. फोन उचलत नाही. पोलीस म्हणतात, पोरगं सज्ञान आहे, आम्ही काय करणार. हायकोर्टात अर्ज केला तर आणून देतील का? नाहीतर पेपरात जाहीर नोटीस देऊन संबंध तोडावेत म्हणतो, म्हणजे त्याच्या कर्जाची आणि भानगडींची जबाबदारी माझ्यावर येणार नाही आणि जमिनीतही हिस्सा राहणार नाही. आणि त्याला परत शिकायचं झालं तर फी मीच भरायची का?

दादा, तुमच्या पत्रात राग आहे, पण फोन उचलत नाही हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलं होतंत, एक मी काढलं. तुमचा जीव कशात अडकलाय ते कळतं.

हायकोर्टात जो अर्ज तुम्ही म्हणता, तो कुणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर चालतो. मुलगा स्वतःच्या मर्जीनं खोली घेऊन राहतो, कामाला जातो. त्याला कोर्टापुढे उभं केलं तरी न्यायाधीश त्यालाच विचारतील की कुठे राहायचंय. २०१८ मध्ये सोनी गेरी नावाच्या खटल्यात आईनं आपल्या अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी असाच अर्ज केला होता. मुलीनं सांगितलं की मला कुवेतला वडिलांकडे राहून शिकायचंय. सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं मान्य केलं आणि बजावलं की आईच्या मायेपोटी किंवा बापाच्या अहंकारापोटी न्यायालयानं महापालक होऊन बसू नये. तुमचे वकिलाचे पैसे वाया जातील, दादा.

जाहीर नोटिसीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण दर आठवड्याला पेपरात अशा नोटिसा दिसतात, ‘माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये’. या नोटिसीनं बापलेकाचं नातं कायद्यात तुटत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत त्याचा हिस्सा जन्मापासून आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर तुम्हाला मुलगी असेल तर तिचाही तेवढाच. पेपरातल्या चार ओळींनी तो जात नाही. तुम्ही स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन, घर, बागेचं उत्पन्न यांचं मृत्युपत्र तुम्हाला हवं तसं करता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. मृत्युपत्र न करता नुसती नोटीस दिली तर तुमच्या पश्चात तो वारस म्हणून उभा राहणारच. आणि कर्जाचं म्हणाल तर सज्ञान मुलानं घेतलेलं कर्ज बापावर येत नाही, नोटीस दिली किंवा न दिली तरी. तुम्ही जामीनदार म्हणून सही केली असेल तरच येतं. वसुलीवाले फोन करून दमदाटी करत असतील तर त्यांना तुमची सही दाखवायला सांगा. तेव्हा नोटिसीचा खर्च कशासाठी करायचा? त्यातून एवढंच होतं की पोराचं नाव पेपरात येतं, गावात चर्चा होते आणि त्याची परत यायची वाट बंद होते.

फीचं उत्तर तुमच्या बाजूनं आहे. सज्ञान आणि धडधाकट मुलाला पोसण्याची किंवा शिकवण्याची सक्ती हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात बापावर नाही. तुमच्या स्वकष्टाच्या घरात राहायचाही त्याला हक्क नाही, तुम्ही राहू द्याल तोवर तो राहतो. दिल्ली हायकोर्टानं २०१६ मध्ये हे अगदी मोकळेपणानं लिहिलं. उलट तुम्ही म्हातारे झाल्यावर तुम्हाला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर आहे, तो घरात राहो की पुण्यात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली तुम्हाला प्रांताकडे अर्ज करून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो.

कायद्याचं सांगून झालं. आता माझं एक ऐका. त्याची बारावीची मूळ मार्कलिस्ट, दाखले, बँकेचं पासबुक घरीच असेल. ते एका पाकिटात घालून त्याला पाठवून द्या. सोबत चिठ्ठी लिहायची तर फीचं, जमिनीचं काही लिहू नका, बागेला पाणी पुरतंय का एवढं लिहा. कागद बापानं आपणहून पाठवले तर त्या मुलाला काय वाटेल याचा विचार करा. हातात कागद असेल तर तो पुढच्या वर्षी कुठेतरी परत नाव घालू शकेल, डिप्लोमा म्हणा, बी.एस्सी. म्हणा. नसेल तर तो पाच वर्षांनीही डबेच पोचवत असेल, आणि तेव्हा तुम्हालाच वाईट वाटेल.

प्रश्न : मी चांदवड तालुक्यातला मुलगा. शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख १ जून आहे आणि त्या हिशेबानं मला अठराला सात महिने कमी आहेत. पण आई सांगते की माझा जन्म त्याच्या आदल्या वर्षी पोळ्याला झाला, म्हणजे मी खरा अठराच्या पुढं आहे. घरी सावत्र वडील मारतात. मित्राचा मोठा भाऊ नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आहे, तो खोलीवर ये म्हणतो. जाऊ का?

मास्तरांनी घातलेली १ जून तुझ्यासारख्या हजारो मुलांच्या दाखल्यावर आहे. पण वय ठरवताना बाल न्याय कायद्यात आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर जन्माचा दाखला, तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आईला आठवणारा पोळा तिथे उपयोगी पडत नाही. पोलिसांच्या लेखी तू अजून अज्ञान आहेस.

याचा धोका तुला नाही, त्या मित्राच्या भावाला आहे. जुन्या दंडविधानात पालकांच्या ताब्यातून पळवण्याच्या गुन्ह्यासाठी मुलाचं वय सोळा धरत, मुलीचं अठरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम १३७ मध्ये दोघांनाही अठराच. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला फूस लावून नेणं हाही गुन्हा झाला, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तू स्वतःहून गेलास, त्यानं बोलावलं नाही असं तू सांगशील, आणि साठच्या दशकातल्या वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक मान्यही केलाय. स्वतःहून घर सोडून आलेल्या जवळजवळ सज्ञान मुलीला नुसती सोबत केली म्हणजे पळवलं असं होत नाही, असं तिथे म्हटलंय. पण तो माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुटला. हरवलेल्या मुलाबाबत २०१३ पासून थेट गुन्हा दाखल करावा लागतो, मिसिंगवर भागत नाही. एमआयडीसीत बारा तास राबणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही, आणि ‘ये’ असं त्यानं मोबाइलवर लिहिलं असेल तर आणखी अवघड. शिवाय अज्ञानाचा करार १९०३ पासून आपल्याकडे रद्दबातल धरतात, तेव्हा तुझ्या सहीनं खोलीही मिळणार नाही.

मार खात सात महिने काढ असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन कर, फुकट लागतो, कोणत्याही वेळी. माणूस येतो, तुझं ऐकून घेतो आणि तुला नाशिकच्या बाल कल्याण समितीपुढे नेतो. आजी, मामा, कुणी विश्वासाचं असेल तर समिती तुला लेखी आदेशानं त्यांच्याकडे ठेवू शकते. मग त्यांच्यावर कुणी गुन्हा घालू शकत नाही, कारण तू तिथे समितीच्या आदेशानं आहेस. अंगावर वळ असतील तर सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घे. आज, उद्या, लवकर. आणि निघताना दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार दप्तरात असू दे.

प्रश्न : मी लहानपणापासून बालगृहात वाढलो. येत्या नोव्हेंबरमध्ये अठरा पूर्ण होतील. सगळे म्हणतात, अठरा झाली की बाहेर. आईवडील कोण ते माहीत नाही. मी अकरावी कॉमर्सला आहे. मी कुठे जाऊ?

इतर मुलांना घर सोडायची परवानगी हवी असते आणि तुला मात्र घर सोडावं लागतंय, तेही शिकत असताना. तुझं पत्र मी महिला व बालविकास खात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना वाचून दाखवलं, त्यामुळे हे नुसतं पुस्तकातलं उत्तर नाही.

अठरा झाली की रस्त्यावर, असं कायदा म्हणत नाही. बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या देखभालीची सोय आहे, अपवाद म्हणून तेवीसपर्यंतही वाढवता येते. आपल्या राज्यात त्यासाठी शासकीय अनुरक्षण गृहं आहेत, तिथे राहून शिकता येतं. मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूदही आहे. पण हे आपोआप होत नाही. नोव्हेंबरची वाट बघू नकोस. अधीक्षकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी अर्ज दे की मी शिकत आहे, मला अनुरक्षण हवं आहे. अर्जाची प्रत बाल कल्याण समितीला दे.

दुसरं, अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण ठेवलं, देशात त्याचं फार कौतुक झालं. पण हातात प्रमाणपत्र नसेल तर त्या आरक्षणाचा उपयोग नाही. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे त्याचा अर्ज करायचा असतो आणि तुझ्या प्रवेशाच्या वेळची कागदपत्रं, समितीचे आदेश त्याला जोडावे लागतात. ती सगळी फाइल आज बालगृहाच्या कपाटात आहे. बाहेर पडल्यावर चार वर्षांनी ती मागायला गेलास तर अधीक्षक बदललेले असतील. संस्थेत असतानाच प्रती मागून घे, आधार, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक मोजून ताब्यात घे, काय काय मिळालं त्याची यादी कर आणि त्यावर अधीक्षकांची सही घे. अडचण आली तर मला या सदराच्या पत्त्यावर लिही, मी उत्तर देईन.

प्रश्न : मी वीस वर्षांचा, ती एकोणीस. घरच्यांचा विरोध आहे. मला एकवीस होईपर्यंत एकत्र राहिलो तर गुन्हा होतो का? नाशिक जिल्हा.

गुन्हा होत नाही. दोघं सज्ञान आहात. २०१८ च्या नंदकुमार खटल्यात मुलगा एकवीसच्या आत होता, तरी दोघांना लग्नाशिवायही एकत्र राहता येतं असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. लग्न मात्र आत्ता करू नका. एकवीसच्या आत विवाह नोंदणी होत नाही, देवळात उरकलंत तर लावून देणारा भटजी आणि साक्षीला उभे राहिलेले मित्र बालविवाहाच्या कायद्यात अडकतात. जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस अधीक्षकांना संरक्षणाचा अर्ज द्या. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवायचे आदेश शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ मध्येच दिलेले आहेत. आणि मुला, तिचं शिक्षण तुझ्यापायी थांबणार नाही हे आधी बघ.

प्रश्न : परभणी जिल्हा. मी नऊ वर्षांचा असताना वडील वारले. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे आईचं नाव अपाक (अज्ञान पालनकर्ता) म्हणून लागलं. मी चौदा वर्षांचा असताना चुलत्यांनी आईला पुढं करून माझ्या नावच्या तुकड्यातला एक एकर विकला. आता मला वीस पूर्ण होऊन पाच महिने झालेत. चुलत्यांच्या घरातून आईला घेऊन वेगळं व्हायचंय. काही करता येईल का?

वेगळं व्हायला कुणाची परवानगी लागत नाही, आईला घेऊन आजही निघू शकतोस. अपाकचा शेरा काढायला ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर किंवा तलाठ्याकडे वयाच्या पुराव्यासह अर्ज कर, ते सोपं आहे.

त्या एकराचं मात्र घाईचं आहे. १९५६ च्या पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची जमीन विकायला आईलासुद्धा आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती घेतली नसेल तर मुलगा सज्ञान झाल्यावर ते खरेदीखत रद्द करून मागू शकतो. एकत्र कुटुंबाची वाटणी न झालेली जमीन असेल तर मुद्दा बदलतो, म्हणून वडिलांना ती कशी मिळाली याचे जुने फेरफार आधी काढ. दुय्यम निबंधकाकडून त्या खरेदीखताची नक्कल घे. दाव्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे तुझ्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. तुझ्या हाती सात महिने आहेत, त्यात कोर्टाच्या सुट्ट्या धरू नकोस. या आठवड्यात परभणीतला दिवाणी वकील गाठ.